संथ आहे, सोपी नाही

ताय चीची टिंगल करायला फार अक्कल लागत नाही. हाँगकाँगच्या बागांत सकाळी आजीआजोबा हवेत सावकाश हात फिरवताना दिसतात. एवढ्याने मेंदूचं काय भलं होणार? झालंच तर ते हालचालीमुळे. मग ताय चीला वेगळं श्रेय कशाला? पूर्वपक्ष हा असा.

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी तुलनेला नुसते बसून राहणारे घेतले नाहीत. हाँगकाँगमध्ये लिंडा लॅम यांच्या चमूने बुद्धी मंदावू लागलेल्या ३८९ वृद्धांपैकी काहींना ताय ची दिली, काहींना अंग ताणण्याचे व्यायाम. २०१२ साली निष्कर्ष आला: वर्षभरात ताय ची करणाऱ्यांपैकी कमी जण स्मृतिभ्रंशाकडे घसरले. ढोल पिटणारे इथेच थांबतात. पण त्या गटातले जेमतेम ५४ टक्के शेवटपर्यंत टिकले होते, दुसऱ्यातले ७८ टक्के. आणि हिशेब टिकलेल्यांचाच होता. हा पुरावा मी अर्धाच धरतो.

अमेरिकेतल्या ओरेगनमधला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला फुझाँग ली यांचा प्रयोग जास्त बोलका आहे. विस्मरणाची तक्रार असलेले ३१८ वृद्ध, घरबसल्या व्हिडिओवरून आठवड्याला दोन तास, २४ आठवडे. एका गटाला ताय ची करता करता शब्दांची अक्षरं सुलट-उलट म्हणायला लावली. बुद्धीच्या तीस गुणांच्या चाचणीत तो गट अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा २.८ गुणांनी पुढे गेला, साध्या ताय चीपेक्षा १.५ गुणांनी. म्हणजे नुसत्या हालचालीवर सगळं भागत नाही. पुढची मुद्रा आठवायची, वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, तोल सांभाळायचा, हे सगळं एकाच वेळी. संथपणामुळे काम उलट अवघड होतं. झटक्यात पाय टाकून वेळ मारून नेता येत नाही. (करून पाहा, मग टिंगल करा.)

आता भक्तांचं. ताय चीने अल्झायमर बरा होतो, हे साफ खोटं. स्मृतिभ्रंश जडलेल्यांसाठी इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगात रुग्ण आणि त्याला सांभाळणारं माणूस अशा ८५ जोड्या होत्या. खुर्चीतून उठून, चालून परत बसायला लागणारा वेळ हे मुख्य माप. त्यात फरक पडला नाही. मात्र ताय ची करणाऱ्या रुग्णांचं पडणं कमी झालं. टीकाकार मुख्य मापावर बोट ठेवून प्रयोग फसला म्हणतात. शास्त्राच्या शिस्तीत ते बरोबरच. पण मांडीचं हाड मोडलेल्या, आणि ते मोडलंय हेच विसरून पुन्हा उठू पाहणाऱ्या आईला ज्यांनी सांभाळलंय, त्यांना विचारा यातलं कोणतं माप मोठं.