फेसावर तरंगते तांबे



विजेच्या तारेत तांबे असते हे घरातले पोरही सांगेल. पण ते दगडातून निघते कसे? गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तिथल्या शंभर किलो दगडात तांबे जेमतेम किलोभर! म्हणून दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात आणि त्यात हवा सोडतात. अशा कामात झँथेट नावाचे रसायन वापरतात. ते ज्या कणांना चिकटते, ते कण पाण्यापासून फटकून राहतात व बुडबुड्यांना धरून वर येतात. फेस काढून घेतला की तांब्याचे खनिज हाती लागते.

हे चिकटणे म्हणजे विजेची देवाणघेवाण आहे. झँथेट इलेक्ट्रॉन देते, पाण्यातला ऑक्सिजन ते घेतो, आणि खनिजाचा कण मधला दुवा होतो. १९५३ साली सलामी व निक्सन या संशोधकांनी हा विचार मांडला. दळताना पोलादी गोळे ऑक्सिजन खाऊन टाकतात. मग झँथेट धरत नाही. ऑक्सिजन अति झाला तर कणावर गंजासारखा थर चढतो. दोन्हीकडून तांबे वायाच जाते. इथेही मध्यम मार्गच कामाला येतो!

तो मार्ग कसा सापडतो? कालवणात प्लॅटिनमचा एक इलेक्ट्रोड व तुलनेसाठी दुसरा इलेक्ट्रोड बुडवतात आणि दोघांतला फरक मिलिव्होल्टमध्ये वाचतात. प्लॅटिनमवर मळ बसला तर आकडा फसवतो, म्हणून तो वरचेवर घासावा लागतो.

मोजमाप नसेल तर रसायन अंदाजाने ओततात. लोहखनिज खाली दाबून ठेवायला काही कारखाने सायनाइडही वापरतात. उरलेला गाळ तलावात साठवतात. अशा तलावाखाली झोपड्या कोणाच्या असतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री होते. खाणकामगारांचे कल्याण हा त्यांच्या कामाचा भाग होता. तो वारसा आमच्या लेकरांनी आता प्रयोगशाळेतही चालवावा.

भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय दीक्षाभूमीच्याच नागपुरात आहे. तिथल्याच विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्र शिकवले जाते. मुलीला विज्ञानाची आवड असेल तर हीही वाट दाखवा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. मिलिव्होल्टचा काटा तरी दुसरे काय सांगतो?