विश्लेषण : अपघाताच्या नोंदीतला ‘अतिवेग’ काय लपवतो?

कोराडीच्या रस्त्यावर वीजकेंद्राकडची अवजड वाहने, कामगारांच्या दुचाक्या आणि जगदंबेच्या दर्शनाला निघालेले भाविक एकत्रच असतात. नवरात्रात पायी येणाऱ्यांची रीघ लागते. अशा ठिकाणी अपघात झाला तर दोष कुणाचा? वेगाचा, अंधाराचा की पादचाऱ्यांना जागाच न ठेवणाऱ्या रस्त्याचा?

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यापैकी १५,२२४ महाराष्ट्रातले. सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण लिहिले आहे ‘अतिवेग’. वेग जीवघेणा असतो, यात वाद नाही. पण हा रकाना भरला की दुभाजकातली फट, बंद पथदिवे, चुकीचे वळण यांची चौकशी मागे पडते. चालकावर गुन्हा दाखल होतो, रस्ता तसाच राहतो.

‘ब्लॅक स्पॉट’ कसा ठरतो?

राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, तर. म्हणजे आधी माणसे दगावणार, मग रस्ता धोकादायक ठरणार!

नागपुरात यावर वेगळा उपाय सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसवर कॅमेरे बसवले गेले. समोर टक्कर होण्याची शक्यता दिसताच ते चालकाला सावध करतात. असे इशारे जिथे वारंवार मिळतात, ती जागा ‘ग्रे स्पॉट’ म्हणून आधीच हेरता येते.

मग त्रुटी कुठे?

आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या ‘आयरॅड’ प्रणालीत पोलीस घटनास्थळाचे नेमके ठिकाण आणि फोटो मोबाइलवरून भरतात. महाराष्ट्र तिच्या पहिल्या सहा राज्यांपैकी एक. मात्र त्या रस्त्यावरून रोज किती वाहने आणि किती माणसे जातात, हे सोबत नसेल तर दोन रस्त्यांची तुलनाच होत नाही. ही मोजणी नियमित व्हायला हवी आणि रस्तानिहाय नोंदी नागरिकांना पाहता यायला हव्यात.

मृत्यूंच्या मोजणीचाही प्रश्न आहेच. अपघातानंतर ३० दिवसांत जखमी दगावला तर तो अपघाती मृत्यू धरतात. त्यासाठी रुग्णालयातली माहिती पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचावी लागते. २०२१ साठी भारताचा अधिकृत आकडा १,५३,९७२ होता. जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज दोन लाखांच्या वर आहे.