रस्त्याकाठच्या पाट्या

प्रवासाला निघालेला माणूस एसटीच्या खिडकीतून दोनच गोष्टी पाहतो, रान आणि पाट्या. रानावर कवींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. पाट्यांच्या वाट्याला सहसा कोणी जात नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही पाट्यांविषयी लिहायचे ठरवले आहे.

दिग्रसहून आर्णीकडे निघा, की दारव्ह्यावरून यवतमाळ गाठा, रस्ता आपल्याशी बोलतच असतो. मैलाच्या दगडाचा माथा हिरवा असला तर आपण राज्यमार्गावर आहोत, केशरी असला तर गावाच्या रस्त्यावर. आर्णीला नागपूर-तुळजापूर महामार्ग लागला की माथा पिवळा होतो. जुन्या भिंतींवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, बी-बियाण्यांची, सिमेंटची, बिडीची अक्षरे अजून कोठे कोठे पुसट दिसतात. ट्रकच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' तर पाठच झालेले. त्यामुळे विनाकारण भोंगे वाजतात म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते लिहिण्यास मनाई केली.

रात्रीच्या पाट्यांची मौज निराळी. मोठ्या शहरात गाडी शिरली, की दुकानांवर, हॉटेलांवर, सिनेमागृहांवर रंगीत नळ्यांची अक्षरे पेटलेली दिसत आणि झोपलेली पोरेसुद्धा उठून बसत. ही निऑनची पाटी. निऑन हा हवेतच अत्यल्प प्रमाणात असणारा वायू. १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी तो शोधला. १९१० साली पॅरिसच्या मोटारींच्या प्रदर्शनात जॉर्ज क्लॉद यांनी त्याचे दिवे लोकांना दाखवले आणि पुढे जाहिरातीत त्याचा संचार झाला. काचेची नळी ज्योतीवर तापवून अक्षराच्या वळणाने वाकवायची, आतील हवा काढून वायू भरायचा आणि हजारो व्होल्टचा विद्युतदाब द्यायचा, की नळी उजळते. शुद्ध निऑनचा उजेड फक्त लाल-नारिंगी. निळ्या रंगासाठी आरगॉन वायू आणि थोडा पारा लागतो. दोन अक्षरांमधला जोड दिसू नये म्हणून नळीचा तेवढा भाग काळा रंगवतात. आपल्या वेलांट्या, उकार, जोडाक्षरे काचेतून वळवणे किती जिकिरीचे असेल, याचा विचार करा. हे काम यंत्राचे नव्हे, हाताचे आणि फुंकरीचे.

आता एलईडीच्या पट्ट्या आल्या. त्या स्वस्त, विजेला हलक्या आणि सहज फुटत नाहीत. म्हणून निऑन मागे पडले, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण जगाने जुन्या पाट्या भंगारात मात्र टाकल्या नाहीत. अमेरिकेत लास व्हेगासला १९९६ पासून त्यांचे संग्रहालय उभे राहिले. हाँगकाँगमध्ये रस्त्यांवरच्या निऑन पाट्या उतरवल्या जाऊ लागल्या, तेव्हा तेथील 'एम प्लस' संग्रहालयाने काही जपून ठेवल्या.

आमच्या तालुक्याच्या गावांची खरी शान मात्र रंगवलेल्या पाटीची. पेंटर आधी दोरीला खडू लावून पत्र्यावर रेघ मारी, शिरोरेषा ठरवी, खडूने अक्षरांचा अंदाज घेई आणि मग ऑइलपेंटमध्ये ब्रश बुडवी. अक्षराला एका बाजूने सावली दिली, की ते पत्र्यातून वर आल्यासारखे दिसे. कोणत्याही कलाशाळेचा उंबरठा न चढता हे शिकलेली माणसे गावोगाव होती. वस्तीतल्या जयंतीचे फलक, शाळेच्या भिंतीवरची वाक्ये, एसटीच्या कपाळावरची गावांची नावे यांच्या मागे असेच हात होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींना अक्षरांनी चेहरा देणारे कमल शेडगे २०२० साली गेले, त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. गावच्या पेंटरचे नाव पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असे, तेही आता राहिले नाही.

कारण फ्लेक्स आला. दिवसभराचे काम तासात होऊ लागले आणि पेंटरचा ब्रश वाळला. कोणी भिंती रंगवू लागला, कोणी मजुरीला गेला. फ्लेक्सला एक उन्हाळा जेमतेम निभावतो, नंतर ते प्लास्टिक नालीत जाते. होर्डिंगचा आकार तर मनुष्यजीवाच्या मुळावर आला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात असेच होर्डिंग पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसे गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० चे!

वाचकहो, पाटीचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. पाटीवर नुसते दुकानाचे नाव नसते. आत कोणी यावे, हेही तीच सांगते. इंग्रजी अमदानीत रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' असे लिहिलेले असे. त्यात आपली जागा कोठे, हे ज्याचे त्याने समजून घ्यायचे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह बसने वेरूळकडे निघाले असता दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराबाहेर काहींनी तलावाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले म्हणून केवढा गहजब झाला! पाण्याला शिवणार नाही, या अटीवर किल्ला पाहायला मिळाला. प्रवास म्हणजे मौज, हे आपल्या लोकांच्या वाट्याला फार उशिरा आले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते या सर्वांचे दार कायद्याने उघडले.

आपल्या भाषेत पाटी या एका शब्दाला तीन अर्थ आहेत. आजोबांच्या डोक्यावर पाटी होती, ती मातीची. बापाच्या हातात पाटी आली, ती लेखणीची. नातवाच्या दारावर पाटी लागली, ती नावाची. तीन पिढ्यांचा हा प्रवास ज्याला कळतो, त्याने रस्त्यावरची कुठलीही पाटी बिनवाचता सोडू नये.

तेव्हा आमची विनंती अशी. पुढच्या प्रवासात मुलांच्या हातून मोबाईल घ्या आणि त्यांना पाट्या वाचायला लावा. गावांची नावे, अंतरे, दगडांचे रंग ओळखायला सांगा. राज्य सरकारने २०२२ साली कायदा सुधारून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती लावण्यास दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. कोणाची पाटी मराठीत आहे, कोणाची नाही, हेही मुलांना मोजू द्या. जुनी रंगवलेली पाटी दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. दिल्लीतील कलावंत हनीफ कुरेशी यांनी अशाच पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकीय टाइप तयार करवले. ते २०२४ साली गेले, पण अक्षरे राहिली.

आणि वाचनालयाची, विहाराची किंवा मंडळाची नवी पाटी करायची असेल, तर फ्लेक्सच्या दुकानात जाण्याआधी गावातल्या पेंटरचे घर विचारा. चार पैसे जास्त लागतील, पण पाटी दहा वर्षे टिकेल आणि एका घरची चूल पेटेल. कोपऱ्यात त्याचे नाव लिहायला मात्र आठवणीने सांगा.