वरून ठिपका, खाली टायगर

मे २०२५, ऑपरेशन सिंदूरचे दिवस. व्हिडिओ गेमच्या क्लिप खऱ्या हल्ल्याच्या म्हणून फिरल्या, पीआयबीला खुलासे करावे लागले. आमच्या हसनाबादच्या ग्रुपवरही ‘टार्गेट उडवलं!’ म्हणत एक आलीच.

मग गेममध्ये एकेका रणगाड्यावर घेतलेली मेहनत फक्त दिसण्यासाठीच का? ‘आयएल-२’ मूळचा विमानांचा सिम्युलेटर. त्यात ५७ टनी जर्मन टायगर आला, तोही आतल्या गनरच्या जागेसकट. पायलटला तर तो हजार मीटरवरून ठिपकाच दिसणार ना? खरंय. पण बॉम्ब पडल्यावर त्याचं काय होतं, हा हिशेब मॉडेलमध्येच असतो. समोर १०० मिलिमीटर चिलखत, वर बरंच पातळ. हा हिशेब चुकला की पायलट फुकटचा हिरो.

खऱ्या युद्धातही तेच झालं. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधल्या मोर्तेंच्या लढाईत दोस्तांच्या वैमानिकांनी शंभराहून जास्त रणगाडे उडवल्याचं सांगितलं. नंतर ब्रिटिश संशोधकांनी शेताशेतांत फिरून सांगाडे मोजले. हवाई माऱ्यानं संपलेले दहाही भरले नाहीत! वरून धूर दिसला की ‘गेला’ म्हणायचं, एवढंच.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश चर्चिल उभा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बघायला जातोय, ‘टार्गेट उडवलं’वाल्यालाही घेऊन.