२३ मार्चचा तास

गेल्या महिन्यात एका शाळेत नववीच्या राज्यशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. धडा भारत आणि शेजारी देशांचा. बाईंनी फळ्यावर करार आणि सनावळी मांडली होती, ताश्कंद १९६६, सिमला १९७२, आणि मुले मुकाट उतरवून घेत होती. खिडकीशेजारच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, सिमला करार पाकिस्तानातल्या पुस्तकात कसा लिहिलाय?" बाई क्षणभर थांबल्या, "ते परीक्षेला नाही," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. तास संपल्यावर मात्र त्या आपणहून माझ्याकडे आल्या. "तिला काय सांगायचं हे मलाच माहीत नव्हतं हो."

बाईंचा हा प्रांजळपणा मला मोलाचा वाटला आणि मुलीचा प्रश्न त्याहून मोलाचा. शेजारी देशांशी असलेल्या नात्याचे शिक्षण नेमके तिथून सुरू होते.

युरोपात अशी सुरुवात मुलांनीच करून दिली होती. जानेवारी २००३ मध्ये बर्लिनमध्ये फ्रेंच आणि जर्मन शाळांतली सुमारे ५५० मुले जमली होती. फ्रान्सचे द गॉल आणि जर्मनीचे आडेनाउअर यांनी १९६३ साली केलेल्या एलिझे मैत्री कराराला ४० वर्षे झाली, त्या निमित्ताने भरलेली ती युवा संसद होती. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी ७० वर्षांत तीन युद्धे एकमेकांशी लढलेल्या देशांची ही नातवंडे-पतवंडे. त्यांनी मागणी केली, ती आम्हा दोघांना इतिहासाचे एकच पुस्तक द्या, अशी. फ्रान्समधल्या शिराक आणि जर्मनीतल्या श्र्योडर यांच्या सरकारांनी ती उचलून धरली आणि २००६ साली पहिला खंड आला. पॅरिसच्या नातां आणि श्टुटगार्टच्या क्लेट या प्रकाशनांनी तो काढला. चित्रे तीच, नकाशे तेच, प्रकरणांचा क्रमही तोच, फक्त एक आवृत्ती फ्रेंचमध्ये आणि दुसरी जर्मनमध्ये. हे झटपट घडले असे मात्र नाही. दोन्हीकडच्या इतिहासकारांनी १९५१ सालीच बसून वादाचे मुद्दे एकेक करून घासूनपुसून पाहिले होते. त्याआधी १९३५ मध्येही तसा प्रयत्न झाला होता, पण हिटलरच्या राजवटीत तो तडीस जाणे शक्य नव्हते.

या पुस्तकातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी, की जिथे मतभेद होता तिथे तो पुस्तकात तसाच ठेवला. युद्धानंतरच्या युरोपातल्या अमेरिकेच्या भूमिकेकडे जर्मन लेखक कृतज्ञतेने पाहत होते, तर फ्रेंच लेखक बरेच सावधपणे. मधला मार्ग काढून कुणालाच न पटणारे गुळमुळीत वाक्य लिहिता आले असते. त्याऐवजी दोन्ही देशांची नजर शेजारी-शेजारी मांडली आणि मुलांना वाचू दिली.

पुस्तक फारसे पसरले नाही, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीच्या १६ राज्यांचे १६ अभ्यासक्रम, फ्रान्सचा एकच, आणि २०११ मध्ये तिसरा खंड येईपर्यंत फ्रान्सचा अभ्यासक्रमच बदलू लागला होता. ते मुख्यतः दोन्ही भाषांतून शिकणाऱ्या वर्गांपुरते उरले. पण मतभेद एकाच पानावर मांडण्याची रीत उचलायला कुणाचा शासननिर्णय लागत नाही. भारत-पाकिस्तानचे संयुक्त पुस्तक निघेल याची वाट पाहत बसलो, तर नववीच्या कितीतरी तुकड्या आपल्यासमोरून निघून जातील.

तेव्हा २३ मार्च घ्या. फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे लिहा: १९३१, लाहोर, भगतसिंग, सुखदेव, राजगुरू. आपले राजगुरू खेडचे, ज्या गावाला आज राजगुरुनगर म्हणतात. उजवीकडे लिहा: १९४०, लाहोर, मुस्लिम लीगचे अधिवेशन, फाळणीची मागणी. पाकिस्तानात २३ मार्च हा 'पाकिस्तान दिन', राष्ट्रीय सुट्टी. तारीख तीच आणि शहरही तेच. अधिवेशन झाले तिथे आज मिनार-ए-पाकिस्तान उभा आहे. फाशी झाली त्या तुरुंगाच्या जागी शादमान चौक आहे आणि तिथे लाहोरचेच काही नागरिक भगतसिंगांच्या स्मरणार्थ मेणबत्त्या लावतात. भगतसिंगांचे जन्मगाव बंगाही आज पाकिस्तानात आहे. आता मुलांना विचारा, लाहोरमधल्या तुमच्याच वयाच्या मुलीला या तारखेबद्दल शाळेत काय सांगत असतील? डावीकडचे तिला कुणी सांगितले असेल का? उजवीकडचे तुम्हाला आजवर कुणी सांगितले होते का?

याने मुलांचे देशप्रेम पातळ होईल, पालक तक्रार करतील, ही धास्ती अनेक शिक्षक बोलून दाखवतात. ती मी उडवून लावत नाही. पण लाहोरमध्ये कुणी मेणबत्ती लावते हे कळल्याने राजगुरूंचे बलिदान उणावत नाही. मला तर वाटते, ते ऐकून खेडच्या मुलाची छाती अधिकच फुलेल. शिवाय दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या, असे शिकवायचेच नाही. फाळणीच्या मागणीबद्दल वर्गात ठाम मते पडोत, जोरात वाद होवो. फक्त ज्याच्याशी वाद घालायचा त्याचे म्हणणे आधी ऐकलेले असावे. राष्ट्राराष्ट्रांत न्यायाचे आणि सन्मानाचे संबंध राखावेत, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद ५१ शासनाला सांगतो. ते शासन उद्या चालवणार आहेत ती आपल्याच वर्गातली मुले.

तयारीसाठी कृष्ण कुमार यांचे 'प्रेजुडिस अँड प्राइड' मिळवून वाचा. स्वातंत्र्यलढा भारत आणि पाकिस्तान इथल्या शालेय पुस्तकांत कसकसा सांगितला जातो, याची तुलना त्यांनी त्यात केली आहे.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, म्हणून हा तास नववीला घ्या. शेवटची दहा मिनिटे मुलांना लाहोरच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पत्र लिहू द्या. त्यातली चार-दोन पत्रे आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू. शुद्धलेखन सुधारू नका आणि रागाने लिहिलेले पत्र बाजूला काढू नका.