गल्लीला दुसरं टोक हवं

घर बघायला गेलो की आपण काय काय विचारतो? पाणी नळाचं की टँकरचं, पार्किंग आहे का, मशीद किती लांब, शेजारी कोण. बिल्डिंगसमोरचा रस्ता पुढे कुठे निघतो, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. माझं म्हणणं असं की हा प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी विचारायला हवा.

आम्ही पुण्याच्या भवानी पेठेतून कोंढव्यात आलो. पेठेत गल्ल्या अरुंद, पण एक गल्ली अडली तर दुसरीतून निघता यायचं. कोंढव्यात फ्लॅट मोठा मिळाला आणि रस्ता एकच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या सोसायटीची भिंत दिसते. तिथे माझा मित्र राहतो. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पण त्याच्या घरी जायचं तर मेन रोडला वळसा घालून पंधरा मिनिटं चालावं लागतं. सकाळी शाळेच्या रिक्षा, टँकर आणि दुचाक्या सगळ्या त्याच एका तोंडातून बाहेर पडतात. ॲम्ब्युलन्सही तिथूनच आत यायची.

हे फक्त आपल्या वस्तीचं दुखणं नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलर्ड-बॉल या दोन संशोधकांनी जगभरातल्या रस्त्यांचे नकाशे तपासले. एका नाक्यावर किती रस्ते मिळतात, किती गल्ल्या पुढे बंद होतात, सरळ अंतराच्या मानाने वळसा किती पडतो, अशा गोष्टी त्यांनी मोजल्या. 2020 मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की 1975 पासून जगात एकंदरीत नवे रस्ते जुन्यांपेक्षा कमी जोडलेले बांधले जात आहेत. गेट लावलेल्या वसाहती हे त्याचं एक मोठं कारण. आणि एकदा पडलेला रस्ता सहसा बदलत नाही. इमारत पाडून नवी बांधतात, गल्ली मात्र तिथेच राहते.

आपल्याकडे हे होतं कसं, ते समजून घ्या. शहराकडेची शेती एकेका गटाने विकली जाते. प्रत्येक मालक किंवा बिल्डर आपल्या तुकड्यातून एक रस्ता काढतो आणि मेन रोडला नेऊन सोडतो. शेजारच्या तुकड्याशी जोडायला कोणी बांधील नसतं, उलट जोडलं तर आपली जागा जाते. गुंठेवारीत तर प्लॉट पाडणारा रस्त्यासाठी फूट-फूट वाचवतो. कोंढवा 1997 मध्ये महापालिकेत आला, पण विकास आराखडा मंजूर व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. बांधकामं काही थांबली नाहीत. आराखड्यात रस्ता दाखवलेला असतो, प्रत्यक्षात त्या जागी भिंत असते. महापालिकेच्या भाषेत त्याला ‘मिसिंग लिंक’ म्हणतात.

दुसरी पद्धत आहे. नगररचना योजनेत सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करतात, आधी रस्ते आखतात आणि मग प्रत्येकाला थोडा लहान पण रस्त्याला लागलेला प्लॉट परत देतात. यासाठी मुंबई इलाख्यात 1915 मध्येच कायदा झाला होता. पुण्यातलं शिवाजीनगर असंच आखलं गेलं. अहमदाबादचा बराच भाग याच पद्धतीने वाढला. पण त्याच अहमदाबादच्या कडेला जुहापुरा आहे. 1973 च्या पुरात घरं गेलेल्यांसाठी वसवलेली ही वस्ती 2002 नंतर झपाट्याने वाढली, आणि 2000 नंतरच्या दशकात जाऊन महापालिकेत आली. तिच्या आणि शेजारच्या वेजलपूरच्या मधल्या सीमेला लोक ‘बॉर्डर’ म्हणतात.

आता आपल्याकडची बाजू. मी सोसायटीत मागच्या भिंतीला छोटं गेट काढायचा विषय काढला, तर कमिटीतले एक चाचा म्हणाले, “बेटा, एकच गेट असलेलं बरं. कोण आलं-गेलं कळतं.” त्यांची भीती खोटी नाही. 1992-93 नंतर मुंबईतून मुंब्र्याला गेलेल्या कुटुंबांनी काय बघून घर सोडलं, हे आपल्याला माहीत आहे. तरीही मला चाचांचं पटत नाही. एकच तोंड असलेली वस्ती अडवायला एक टेम्पो आडवा लावला तरी पुरतो. आग लागली, पाणी भरलं, दंगल झाली, तर तिथून निघायचं कुठून? शिवाय बंद गल्लीत बाहेरचा माणूस यायला घाबरतो आणि आपली पोरं बाहेर जायला. (रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात जागा सोडावी, ही हदीस सहीह बुखारीत आहे. भिंत पुढे सरकवताना ती कुणाला आठवत नाही.)

2013 मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा जाहीर झाला, तेव्हा सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. आमच्याकडे अशा वेळी चर्चा होते ती कब्रस्तानच्या जागेची. ती व्हायलाच हवी. सोबत एक अर्ज रस्त्याचाही द्या. साध्या कागदावर, मराठीत चालतो. आपला गट नंबर लिहायचा, नकाशात कोणता रस्ता कुठे तुटलाय आणि तो कुठे जोडायला हवा ते लिहायचं, मुदतीत देऊन पोच घ्यायची. सुनावणीचं बोलावणं आलं तर अम्मीला किंवा बहिणीला बरोबर न्या. दळण, बाजार आणि पोरांची शाळा यासाठी तो वळसा रोज पायी घालणाऱ्या त्याच आहेत, आणि कुठे भिंत फोडली तर किती मिनिटं वाचतील हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं.