अर्धी बातमी

मी सहावीत असताना आमच्या स्नेहसंमेलनात रत्नाकर मतकरींचं 'निम्मा शिम्मा राक्षस' बसवलं होतं. मला काम मिळालं नाही, मिळालं प्रॉम्प्टिंग! विंगेत नाटकाची वही धरून उभं राहायचं. पण वहीच्या आत लपला होता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. (वाचनाचं वेड, दुसरं काय!) फेणे ऐन संकटात, आणि तिकडे राक्षस झालेला मुलगा वाक्य विसरून माझ्याकडे बघतोय. मला पानच सापडेना. सगळे हसले.

खरी चूक पुढेच झाली. शाळेच्या भित्तिपत्रकाची वार्ताहरही मीच. ठळक अक्षरांत लिहिलं, 'राक्षस वाक्य विसरला!' खोटं काहीच नव्हतं हो त्यात, फक्त बातमी अर्धी होती. आठवडाभर ती भिंतीवर झळकली. तो मुलगा पुन्हा कधी नाटकात उतरला नाही.

आता माझ्या चौथीच्या वर्गाचंही भित्तिपत्रक निघतं. तळाशी 'दुरुस्ती'ची चौकट असते. पहिली दुरुस्ती मीच लिहिली, २५ वर्षं उशिरा. ती वाचून एकीनं विचारलं, "बाई, त्याला कळवलंत का?"

पत्ता शोधतेय.